खुराड्यात वाळू घालावी की भाताचं तूस?

वाळूची बाजू आधी मांडतो, कारण सुरुवातीला मी वाळूच वापरली. तेव्हा कुणी विचारलं असतं तर छातीठोकपणे वाळूच सांगितली असती.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात. कोंबड्या चौदा, निम्म्या गावठी, निम्म्या गिरिराज, म्हणजे सुधारित जातीच्या. दहा बाय सहाचं खुराडं, वर पत्रा, खाली कोबा, पुढे जाळीचं आवार. घूस आणि मुंगूस खालून उकरून येतात, म्हणून कोबा हवाच. त्याबद्दल माझं दुमत नाही. पण नुसत्या कोब्यावर कोंबड्या ठेवू नका. रोज धुवावा लागतो, धुतला की दुपारपर्यंत सुकत नाही, आणि जड जातीच्या कोंबड्या त्यावर उड्या मारून मारून तळव्याला गाठ करून घेतात. तेव्हा प्रश्न कोब्यावर काय पसरायचं एवढाच.

नोव्हेंबरात वाळूचा चार बोटं थर घातला. मेपर्यंत खरोखर सुख होतं. शीट पडली की दुपारपर्यंत सुकते, अंगाला वाळू लागून तिची गोळी होते. सकाळी लांब दांड्याला बांधलेली चाळण घेऊन गेलं की दहा मिनिटांत खुराडं लख्ख. वास नाही, माश्या नाहीत. शेजारच्या काकू येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, तुमच्या कोंबड्यांचं घर आमच्या पडवीपेक्षा स्वच्छ आहे. कोरड्या दिवसांत वाळूइतकं सोपं दुसरं काही मी पाहिलेलं नाही, हे आजही म्हणतो.

मग मृग लागला. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. खुराड्यात थेंब येत नव्हता, पण आषाढात हवाच ओली असते; दोरीवरचे कपडे जिथे चार-चार दिवस वाळत नाहीत तिथे शीट काय सुकणार? गोळी होईना, ती लोण्यासारखी पसरायला लागली. पाव इंची भोकांची माझी चाळण दोन खेपांत बुजायची. वाळू वरच अडकायची आणि शीट दाबली जाऊन भोकांतून खाली उतरायची, म्हणजे नेमकं उलट. चाळण पागोळीखाली धरून धुवायची, काडीनं एकेक भोक मोकळं करायचं, झटकायची, पुन्हा दोन खेपा, पुन्हा पागोळी. ओल्या चाळणीला वाळू आणखीच चिकटते. दहा मिनिटांचं काम पाऊण तासावर गेलं, तेही ऑफिसला निघायच्या आधी. महिन्याभरानं बोटानं उकरून पाहिलं तर वरचा थर बरा, दोन बोटं खाली काळा चिखल, आणि नाकाआधी डोळ्यांना झोंबणारा अमोनिया.

त्याच श्रावणात दोन तलंगांना, म्हणजे कोवळ्या कोंबड्यांना, रक्ती हगवण लागली. दोष वाळूचाच, असं मी म्हणणार नाही. या हगवणीच्या जंतूंना ओल आणि ऊब मिळाली की दोनएक दिवसांत ते लागण करण्याजोगे होतात, आणि ओल कुठल्याही थरात साचू शकते. पण माझ्या खुराड्यात ती वाळूत साचली होती, आणि मला ती काढता येत नव्हती. मला वाळू सोडायला लावली ती या बुजणाऱ्या चाळणीनं. बाकीच्या तक्रारी नंतर सुचल्या.

त्यातली एक मात्र सांगायला हवी. मळलेली वाळू टाकायची कुठे? चाळीसएक घमेली निघाली. ती कुजत नाही, खतात चालत नाही, नारळाच्या आळ्यात घालून उपयोग नाही. पावसानं धुऊन निघेपर्यंत ढीग विहिरीपासून लांब, मागच्या गडग्यापाशी पडून होता.

भाताचं तूस मी नाइलाजानं आणलं. मनात शंका होत्या, आणि त्यातल्या काही खऱ्याही निघाल्या. तूस हलकं असतं. कोंबड्या उकरतात आणि पाण्याचं भांडं तासाभरात तुसानं भरतं. मी भांडं चिऱ्यावर, त्यांच्या पाठीच्या उंचीला ठेवलं तेव्हा ते थांबलं. नवीन तूस पसरताना धूळ उडते, तोंडाला फडकं बांधावं लागतं. लाकडाच्या भुशाइतकं पाणीही ते शोषत नाही. पण शोषत नाही म्हणूनच ते लगद्यासारखं बसत नाही. मोकळं राहतं, वारा खेळतो, लवकर सुकतं. पावसाळ्यात मला हाच गुण सगळ्यांत मोठा वाटला.

तुसाला रोज साफ करायचं नसतं, आणि वाळूतून येणाऱ्याला हे पचायला वेळ लागतो. सहा बोटांची गादी घालायची आणि आठवड्यातून दोनदा दाताळ्यानं वरखाली करायची. मी तर मूठभर भात नाहीतर नाचणी गादीवर फेकतो. निम्मं काम कोंबड्याच करतात. मग एक मूठ गादी घट्ट दाबून बघायची. गोळा झाला तर ओल जास्त, सगळं भुरभुर सांडलं तर फार कोरडं, आणि मूठ उघडल्यावर गोळा आपोआप फुटला तर बरोबर. पाण्याच्या भांड्याजवळ पापुद्रा धरतो, तेवढाच उचलून टाकायचा आणि तिथे नवं तूस घालायचं. चुना मिसळायचा असेल तर विरलेलाच, तोही थोडा, आणि कोंबड्या बाहेर असताना. कळीच्या चुन्यानं त्यांचे पाय भाजतात.

रात्री बसायच्या दांड्याखाली जवळजवळ निम्मी शीट पडते, म्हणून तिथे एक रुंद फळी ठेवली आहे. सकाळी खुरप्यानं खरवडली की झालं, दोन मिनिटं. हे वाळूच्या दिवसांतच सुचायला हवं होतं, कदाचित वाळू आणखी एखादा महिना टिकली असती.

तूस आणताना गिरण बघून घ्या. जुन्या हलरवर, म्हणजे भात सडायच्या जुन्या यंत्रावर, तूस आणि कोंडा एकत्र पडतो. असा माल आणलात तर कोंड्याला बुरशी धरते, उंदीर येतात, आणि कोंबड्या गादीच खात बसतात. रबर रोलरच्या गिरणीतलं तूस निराळं आणि स्वच्छ येतं. मूठभर फुंकून पाहिलं की कळतं. मी वर्षातून दोनदा गादी बदलतो: मे अखेरीस, पावसाआधी, आणि दिवाळीनंतर, नवा भात गिरणीवर आला की. जुनी गादी खड्ड्यात चार महिने मुरवून नारळाला आणि मिरचीला घालतो. ताजी घालू नका, रोपं करपतात.

लाकडाचा भुसा मी महिनाभर वापरला. बारीक असतो, ओला झाला की गच्च बसतो आणि बुरशी धरतो; सुताराकडची जाड सालपटं त्यापेक्षा पुष्कळ बरी, पण तेवढी मिळत नाहीत. भुईमुगाची टरफलं घाटावर सहज मिळतात, तिकडच्या लोकांनी जरूर बघावीत.

बाहेरच्या आवारात तूस घालू नका, पहिल्या वाऱ्यात उडतं आणि पहिल्या सरीत वाहून जातं. तिथे मी पातेरा घालतो. आंबा-फणसाची सुकी पानं फुकट मिळतात, कोंबड्या दिवसभर उकरत राहतात, आणि पावसात चिखलावर पाय टाकायला जागा राहते. कुजलं की वरून आणखी चार टोपल्या.

तुम्ही सोलापूरकडे राहत असाल, जिथे पाऊस आमच्या पाव हिश्श्याच्या आसपास, तर वाळूचा विचार जरूर करा. नदीची जाड वाळू मिळाली तर. क्रशरची फार धारदार आणि धुळीची, खाडीची खारट. रोज सकाळी दहा मिनिटं काढू शकणाऱ्याला कोरड्या मुलखात ती आवडेल असं वाटतं. घाटाखाली राहत असाल, किंवा दोन दिवस गावाला गेलात तर मागे चाळणारं कुणी नसेल, तर तुसाकडे वळा.

वाळू मी पुरती सोडलेली नाही. जुन्या टायरमध्ये दोन घमेली कोरडी वाळू आणि चुलीतली राख मिसळून पत्र्याखाली ठेवली आहे. दुपारी कोंबड्या अंग घोळवायला रांगेनं तिकडेच जातात. तुसात लोळताना मी त्यांना क्वचितच पाहिलं आहे.