उंच पिकअपच्या हौद्यात चढायला पायरी कुठली घ्यावी: बंपरची, फाळक्याची, हिचची की बाजूची?

आजकालच्या मोठ्या फोर बाय फोर पिकअप इतक्या उंच झाल्यात की फाळका (हौद्याचं मागचं, खाली पडणारं दार) उघडला तरी तो जमिनीपासून साधारण ३४ ते ३७ इंचांवर असतो, म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाच्या कमरेच्या आसपास, आणि हौद्याची बाजूची कड तर ५५ इंचांच्या पुढे जाते, ती सरळ खांद्याला लागते. त्यात कोणी गाडी उंच करणारं लिफ्ट किट टाकलं, मोठे टायर बसवले की अजून काही इंच वाढले. मग सगळे काय करतात, टायरवर पाय, कडेला हात, गुडघा फाळक्यावर आणि ढकलत वर. चढणं एकवेळ जमतं पण उतरताना लोक सरळ उडी मारतात आणि घोटा मुरगळतो, गुडघा धरतो ते तिथेच. म्हणून पायरी ही चैनीची गोष्ट आहे असं मला अजिबात वाटत नाही, रोज माल चढवणाऱ्याने तर ती पहिल्या आठवड्यातच बसवून घ्यावी.

आता पायऱ्या शोधायला गेलं की डझनभर प्रकार दिसतात आणि सगळ्यांचे फोटो छान असतात. ते बघण्याआधी एकच गोष्ट ठरवा: तुम्हाला हौद्यात चढायचंय की हौद्यात हात पोचवायचाय? ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांच्या पायऱ्या वेगळ्या आहेत. बाजूने टूलबॉक्स उघडणं, केबिनच्या मागे सरकलेली पिशवी ओढणं, पट्टे आवळणं हे हात पोचवायचं काम. पोती, सिमेंट, फर्निचर, मोटरसायकल चढवणं, हौदा झाडणं हे चढायचं काम. बाजूची पायरी घेऊन चढायला गेलात तर ५५ इंचांची कड ओलांडावी लागते, तिथे बहुतेक जण कंटाळतात, आणि फाळक्याची शिडी घेऊन केबिनजवळचा टूलबॉक्स उघडायचा तर दरवेळी अख्खा हौदा चालत जावं लागतं.

सुटं स्टूल किंवा घडीची पायरी आधी उरकतो. स्वस्त, कुठल्याही गाडीला चालते, भोक पाडायला नको. पण ती मऊ जमिनीत रुतते, उतारावर डगमगते, आणि गाडी निघताना ती उचलायची आठवण राहायला पाहिजे. सपाट फरशीवर अधूनमधून काम असेल तर पुरेशी आहे, बाकी नको.

टायरवर अडकवायची घडीची पायरीसुद्धा मिळते, ती चाकाच्या उंचीप्रमाणे खालीवर करता येते. बॉनेट उघडून इंजिन बघायला, छपरावर सामान बांधायला मस्त, मागच्या चाकावर लावली तर हौद्याच्या मधल्या भागात हात जातो. फक्त हँडब्रेक ओढलेला पाहिजे, गिअर पार्किंगमध्ये पाहिजे, आणि निघण्याआधी ती काढली का हे बघायलाच पाहिजे, विसरलात तर मडगार्ड गेलं.

बंपरच्या कोपऱ्यातली पायरी कंपनीचीच येते. शेवरले सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएराला २०१४ च्या मॉडेलपासून मागच्या बंपरच्या दोन्ही टोकांना पाय घालायची खाच आहे आणि वर हौद्याच्या कडेला हात घालायला जागा. मला ही कल्पना फार आवडते कारण त्यात हलणारं काहीच नाही, गंजणारी स्प्रिंग नाही, तुटणारी खिट्टी नाही, फाळका बंद असो वा उघडा असो चालते. पण ती बंपरच्या उंचीवरच असणार, म्हणजे पहिलं पाऊल बरंच उंच पडतं, लिफ्ट केलेल्या गाडीला तर अजूनच, आणि खाचेत बुटाचा पुढचा भागच बसतो, चिखल किंवा बर्फ भरला की पाय सटकतो. तरणा, सडपातळ, रिकाम्या हाताचा माणूस झटकन चढतो. गुडघे दुखणाऱ्याला याचा उपयोग नाही हे स्पष्ट सांगतो.

कंपनीच्या फाळक्यातल्या पायऱ्या म्हणजे वेगळंच प्रकरण. फोर्डने २००९ च्या एफ-१५० ला फाळक्यात लपलेली पायरी दिली, फाळका उघडायचा, पायरी बाहेर ओढायची, खाली सोडायची आणि सोबत एक दांडा उभा करायचा हाताला धरायला. तो दांडा हीच खरी त्यातली किमतीची वस्तू, त्याच्याबद्दल पुढे बोलतो. जीएमसीने २०१९ च्या सिएरात फाळक्यातला आतला छोटा फाळका खाली दुमडून रुंद पायरी होईल असं केलं, तिची क्षमता ३७५ पौंड म्हणजे १७० किलो सांगतात, आणि पाय ठेवायला सगळ्यात भक्कम वाटणाऱ्यांपैकी ती आहे. एक मात्र लक्षात ठेवा, हिचमध्ये (ट्रेलर जोडायची मागची चौकोनी नळी) टो-बॉल (ट्रेलर अडकवायचा गोळा) लावलेला असताना तो आतला फाळका खाली सोडला तर बॉलवर आपटू शकतो, म्हणून रोज ट्रेलर ओढणाऱ्याने हे खरेदीच्या वेळीच स्वतः उघडून बघावं. रॅमने २०१९ मध्ये ६०/४० असा उभा दुभंगलेला फाळका आणला, तो खालीही पडतो आणि दारासारखा बाजूलाही उघडतो, होंडा रिजलाइनचा फाळका तर २००६ च्या पहिल्या मॉडेलपासूनच बाजूला उघडतो. बाजूला उघडणाऱ्या फाळक्यात पायरी नसली तरी फायदा असा की मधला दीड-दोन फुटांचा फाळका आडवा येत नाही, हौद्याच्या तोंडाशी सरळ उभं राहता येतं, त्यामुळे चढायची गरजच अर्ध्याने कमी होते. गाडी अजून घ्यायची असेल तर हे सगळं हाताळून बघा, कारण नंतर हे बसवणं सोपं नसतं.

गाडी आधीच दारात आहे त्यांच्यासाठी खरी लढत तिघांत आहे: फाळक्याला बोल्टने बसवायची शिडी, हिचमध्ये घालायची पायरी, आणि बंपरखाली चेसिसला बसवायची दुमडती पायरी.

फाळक्याची शिडी आतल्या बाजूला दुमडून बसते, फाळका उघडला की बाहेर फिरवून खाली सोडायची. दोन-तीन पायऱ्या असतात त्यामुळे प्रत्येक पाऊल सोपं पडतं, काहींचे पाय जमिनीपर्यंत लांब करता येतात, हौद्यात येजा करण्यासाठी ही सगळ्यात आरामाची आहे यात वाद नाही. पण तीन गोष्टी बघा. एक तर दुमडल्यावर ती फाळक्यावर उंचवटा करून बसते, मग प्लायवूड किंवा लांब पाइप सरकवताना अडकतात, ज्याचं काम लाकूड-प्लायचं आहे त्याला ही रोज टोचणार. दुसरं म्हणजे फाळक्याचं वजन वाढतं, एका हाताने उघडणारा फाळका जड होतो, आणि हळू उघडायला डॅम्पर किंवा उचलायला मदतीची स्प्रिंग असेल तर तिचा हिशोब बिघडतो. तिसरं, भोकं. फाळक्याच्या आतलं आवरण बरेचदा प्लास्टिकचं असतं, बोल्ट नुसत्या प्लास्टिकला धरले तर शिडी सैल होणारच, आतल्या पत्र्यापर्यंत आणि मागे जाड पट्टी ठेवूनच आवळायला पाहिजेत. २०१५ पासूनच्या एफ-१५० सारखी अ‍ॅल्युमिनियमची बॉडी असेल तर स्टीलचा बोल्ट थेट अ‍ॅल्युमिनियमला लावू नका, मीठ-पाणी लागलं की बोल्टभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, मध्ये नायलॉनचं वॉशर आणि भोकाच्या कडेला रंग पाहिजे. आणि हो, ज्या शिडीचे पाय जमिनीला टेकतात ती रिकाम्या गाडीला घट्ट टेकवून माल भरायला घेतला तर गाडी खाली बसत जाते आणि शिडी फाळक्याला खालून वर रेटते, त्यामुळे मधेमधे पाय सैल करून घ्यावे लागतात.

हिचची पायरी सगळ्यात सोपी, चौकोनी नळीत घातली, पिन लावली, झालं, भोक नाही, मेकॅनिक नाही, गाडी विकली तरी पायरी आपली. पण ती कायम मागे बाहेर निघालेली राहते. मागून चालताना नडगीला लागते, रिव्हर्सचे सेन्सर ओरडत राहतात, खड्ड्यातून किंवा चढावरून बाहेर येताना आधी तीच घासते, आणि ट्रेलर जोडायचा म्हटलं की काढायची. शिवाय फाळका पूर्ण उघडल्यावर तो पायरीच्या वर येऊन थांबतो, म्हणजे पायरी फाळक्याच्या कडेच्या पुढे किती बाहेर येते हे मोजून घ्यावं लागतं, नाहीतर पायरी फाळक्याखाली लपते आणि पाय ठेवायला जागाच राहत नाही. नळीत ढिली बसल्याने ती खडखडते आणि पाय ठेवला की जराशी डुलते, त्यासाठी आवळायचा क्लॅम्प मिळतो तो सोबतच घ्या. अडीच इंची हिचमध्ये दोन इंची पायरी अडॅप्टर घालून बसवली तर हे डुलणं अजून वाढतं. ट्रेलर न ओढणाऱ्याला, भाड्याच्या किंवा कंपनीच्या गाडीला ही ठीक.

बंपरखालची दुमडती पायरी, एएमपी रिसर्चची बेडस्टेप हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव, ती चेसिसला बसते, पायाने खाली ढकलली की उघडते, परत पायाने आत. फाळका उघडा असताना आणि बंद असतानाही चालते, हौद्याची जागा खात नाही, हिच मोकळी राहते. मला विचाराल तर रोजच्या वापराच्या, ट्रेलरही ओढणाऱ्या गाडीला हीच पहिली निवड. वाईट बाजू म्हणजे ती एका कोपऱ्यात एकच पायरी असते, फार उंच गाडीला त्या पायरीपासून फाळक्यापर्यंतचं दुसरं पाऊल मोठंच राहतं, सांध्यात चिखल आणि मीठ बसतं, वर्षातून काही वेळा धुऊन ग्रीस नाही लावलं तर ती जाम होते, आणि सायलेन्सरची नळी त्याच कोपऱ्यातून बाहेर येत असेल तर ती बसेल का हे आपल्या मॉडेलसाठी बघून घ्यावं लागतं.

बाजूची पायरी केबिन आणि मागच्या चाकाच्या मध्ये येते. फोर्डने ती २००९ च्या एफ-१५० ला दिली होती, सिल्व्हराडोला २०१९ पासून हौद्याच्या बाजूलाच पाय ठेवायची जागा आहे, आणि बाहेरूनही दुमडती घेता येते. किंवा मग चाकापासून चाकापर्यंत जाणारी लांब साइड बार, जिला हौद्यासमोर एक वेगळी पायरी असते. आधी म्हटलं तसं ही हात पोचवायला, चढायला नाही. पण ट्रेलर जोडलेला असतो तेव्हा फाळका उघडला की तो बरेचदा ट्रेलरच्या जॅकवर आदळतो, अशावेळी फाळका उघडावा लागणारे मागचे पर्याय एकदम निकामी होतात आणि हात पोचवायला हीच सोयीची उरते, म्हणून ट्रेलरवाल्यांनी मागची एक आणि बाजूची एक अशा दोन घ्याव्यात असं मी आग्रहाने सांगेन. हौद्यावर कडक कव्हर किंवा टॉपर (हौद्यावरचं बंद छप्पर) असेल तर मात्र बाजूच्या पायरीचा फारसा फायदा नाही.

आता दांड्याबद्दल. लोक पायरीची उंची, रुंदी, रंग सगळं बघतात आणि हाताला धरायला काय आहे हे विसरतात. चढताना दोन पाय एक हात किंवा दोन हात एक पाय असे तीन आधार कायम टेकलेले पाहिजेत, आणि उघड्या फाळक्यावर तर धरायला काहीच नसतं, सगळं सपाट. उतरताना गाडीकडे तोंड करून उतरायचं तर हाताला काहीतरी लागतंच. म्हणून पायरीत दांडा नसेल तर हौद्याच्या कोपऱ्याला बोल्टने बसणारा घडीचा दांडा वेगळा घ्या. वयस्कर माणूस वापरणार असेल तर मी पायरीपेक्षा आधी दांडा बघेन.

वजनाचं गणितही लोक चुकतात. बऱ्याच पायऱ्यांवर ३०० पौंड लिहिलेलं असतं, ते साधारण १३६ किलो होतात. नव्वद किलोचा माणूस पन्नास किलोचं पोतं घेऊन चढला की १४० झाले, मर्यादा संपली, आणि पाय आपटून ठेवला की क्षणभर भार त्याहून बराच जास्त जातो. हातात वजन घेऊन चढूच नये हे खरं, आधी पोतं फाळक्यावर ठेवावं मग आपण चढावं, पण घाईत लोक घेऊनच चढतात, तर मग जास्त क्षमतेची घ्या. फाळक्याला लावलेल्या शिडीचा भार शेवटी फाळक्याच्या केबलवर आणि बिजागरीवर येतो, तिथे शिडीची नव्हे तर फाळक्याची मर्यादा चालते, ती गाडीच्या पुस्तकात बघा.

पाय ठेवायची पट्टी भोकांची, दातेरी कडांची असेल तर चिखल खाली पडतो आणि बूट पकडतो. गुळगुळीत पट्टीवर चिकटवलेली खरखरीत टेप दिसायला चांगली पण ओल्यात निघून येते. रबर चांगलं, फक्त तेल सांडलेल्या हौद्याशी काम असेल तर ते घसरतं.

ऑर्डर देण्याआधी गाडी नेहमीच्या जागी, नेहमीच्या टायरवर, रिकामी उभी करून टेप घ्या, जमिनीपासून फाळक्यापर्यंत मोजा आणि त्यातून पायरीची उंची वजा करा. दोन्ही पावलं साधारण सारखी पडली पाहिजेत, ३६ इंचांच्या फाळक्याला १८ वर पायरी आली तर एकच पायरी चालेल. फाळका ४० च्या वर गेला असेल किंवा गुडघ्याची तक्रार असेल तर १२-१३ इंचांची पावलं पडतील अशी दोन-तीन पायऱ्यांची शिडीच घ्या, मग फाळक्यावरचा उंचवटा सहन करावा लागला तरी चालेल.