मोठ्या अक्षरातलं मराठी बायबल: आईच्या आजारपणात आठ महिने वापरलं, त्याचा रिव्ह्यू

आधी कामाचं सांगते. घरात वयस्कर माणूस असेल, आजारी असेल आणि मराठी वाचता येत असेल तर मोठ्या अक्षरातलं बायबल घ्याच, पण जुना आणि नवा करार मिळून पूर्ण ६६ पुस्तकांचं घ्या, नुसता नवा करार नको. मी पहिल्यांदा ऑनलाइन मागवलं तेव्हा फोटोत जाडजूड पूर्ण बायबल दाखवलेलं आणि हातात आला फक्त नवा करार, परत करायला बारा दिवस गेले, आणि नेमके ते बारा दिवस आईला स्तोत्रं हवी होती, जी जुन्या करारात असतात. शेवटी दुकानात जाऊन ट्यूबलाइटखाली पानं उघडून बघून घेतलं. आठशेच्या आत मिळालं.

आई नगरची, जन्मापासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये वाढलेली, ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची गाणी पुस्तक न बघता म्हणणारी. तिचं जुनं बायबल लग्नातलं, बारीक टाइपाचं. केमो सुरू झाल्यावर डोळ्यांना काय झालं माहीत नाही पण ओळ सुटायला लागली, दोन ओळी वाचल्या की चष्मा काढून बसायची आणि म्हणायची तूच वाच गं. मी वाचायचे पण मला ऑफिस, स्वयंपाक, तिची औषधं, मी वाचणार तरी किती, आणि खरं सांगायचं तर तिला माझ्यासमोर रडायचं नसायचं. एकटीनं वाचता आलं की माणूस एकटं रडूही शकतं, हे मला हे पुस्तक घरात आल्यावर कळलं.

अक्षर खरंच मोठं आहे, हातभर अंतरावरून दिसतं. काना, मात्रा, अनुस्वार ठसठशीत, जोडाक्षरं फुटत नाहीत (हे बघून घ्या, काही छपाईत "ख्रिस्त" मधला ख्रि नुसता काळा ठिपका होतो). कागद पातळच आहे, मागच्या पानाची छपाई थोडी दिसते. दिवसा त्रास नाही, रात्री पिवळ्या बल्बखाली होतो, तेव्हा आम्ही मागे पांढरा कोरा कागद सरकवायचो. पान उलटणं मात्र अवघड गेलं. केमोनं आईची बोटं बधिर झालेली, तिला एक पान उलटलं की तीन उलटली ते कळायचं नाही, ईयोबाच्या पुस्तकामधूनच एकदम स्तोत्रात जायची आणि विचारायची हे काय मधेच. कडेला बोटाच्या आकाराचे कट असतात त्यांचा उपयोग पुस्तक सापडायला होतो, एकेक पान उलटायला नाही.

वजन. आमच्या किचनच्या काट्यावर पावणेदोन किलो भरलं. आजारी माणूस हे छातीवर धरून वाचूच शकत नाही. शेजारच्या काकूंनी त्यांच्या पारायणाचा लाकडी घडीचा स्टँड आणून दिला, ज्यावर त्या ज्ञानेश्वरी ठेवतात तो, म्हणाल्या वहिनींचं होऊ दे आधी, माझं पारायण श्रावणात आहे. उशीवर पोळपाट, पोळपाटावर तो स्टँड, त्यावर बायबल. आठ महिने असंच चाललं, श्रावणात काकूंनी नवीन आणला पण हा परत मागितला नाही.

आता खरं ज्यासाठी लिहायला बसले ते. आजारपणात भेटायला येणारे खूप असतात आणि त्यातले काही प्रार्थना करून जाताना एखादं वाक्य टाकून जातात. एका ग्रुपमधल्या बाईंनी आईला सांगितलं, विश्वासात कुठेतरी कमी पडतंय म्हणून बरं वाटत नाहीये. त्या रात्री आईनं मला उठवलं, तीन वाजले असतील, आणि म्हणाली, "अगं, दुखायला लागलं की मला प्रार्थनाच सुचत नाही. नुसतं आई गं, आई गं होतं. मग माझं तारण आहे ना गं अजून?" (तारण म्हणजे देवानं पापातून केलेली सुटका.) साठीच्या पुढची बाई, कित्येक वर्षं महिला मंडळात दुसऱ्यांना शिकवलेलं, आणि ती मला हे विचारत होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी लाइट लावला आणि पोळपाट मांडला.

रोमकरांस पत्र, पौलानं लिहिलेलं, आठवा अध्याय. त्यात लिहिलंय की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा देवाचा आत्मा स्वतः आपल्यासाठी मध्यस्थी करतो, शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्यानं. आई तिथेच थांबली. कण्हणं या शब्दावर बोट ठेवून बसली. म्हणाली, म्हणजे माझं ते कण्हणं वाया जात नाही. मग पुढे पौल विचारतो, ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला कोण वेगळं करणार, आणि यादी देतो, क्लेश, आपत्ती, उपासमार, तलवार. उपासमार वाचल्यावर आईनं वर बघितलं. ७२च्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती, आजीबरोबर खडी फोडायला जायची, मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची लाल भाकरी खाल्लेली. "हे मी बघितलंय," म्हणाली, "तेव्हा नाही सोडलं त्यानं." यादीत कुठेही लिहिलेलं नाही की विश्वास ठेवणाऱ्यावर हे येणारच नाही, उलट हे सगळं येणार असं धरूनच लिहिलंय. मोठं अक्षर नसतं तर ती त्या एका शब्दावर अशी थांबली असती का, मला नाही वाटत, कारण मी वाचून दाखवताना यादी भरभर वाचून टाकते.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू आले, त्यांना सांगितलं. ते भाषण देत बसले नाहीत, योहानाचं पहिलं पत्र काढून पाचव्या अध्यायातलं तेरावं वचन आईलाच वाचायला लावलं. तिथे म्हटलंय की सार्वकालिक जीवन आहे हे तुम्हाला कळावं म्हणून हे लिहिलं. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, कळावं असं लिहिलंय, वाटावं असं नाही. वाटणं तुमच्या तब्येतीवर आहे, आज वाटेल उद्या नाही. तारण तब्येतीवर नाही, त्यानं क्रुसावर जे केलं त्यावर आहे." तारण गमावता येतं की नाही यावर मंडळ्यामंडळ्यांत मतं वेगळी आहेत हे मला माहीत आहे, त्यात मी इथे जात नाही. पण दुखण्यानं पिळवटलेल्या माणसाला आधी स्वतःचा विश्वास मोजायला लावणं चूक आहे, हे मी ठामपणे सांगते. त्या दिवसानंतर आईनं तो प्रश्न परत विचारला नाही. दुखणं कमी झालं नव्हतं.

आणि जुना करार का म्हणून एवढं सांगतेय तर स्तोत्र ८८ मुळे. बहुतेक रडणारी स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. आईला हे सगळ्यात जास्त आवडायचं, म्हणायची हे कुणीतरी माझ्यासारखं रात्री जागून लिहिलंय आणि देवानं ते पुस्तकात राहू दिलंय. नुसता नवा करार घेतला असता तर हे नसतं, ईयोब नसता, तेविसावं स्तोत्रही नसतं.

भाषेबद्दल थोडं. मराठी नवा करार १८११ मध्ये विल्यम कॅरीनं श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, छापला, तेव्हापासून भाषांतरं होत आलीत. पंडिता रमाबाईंनी अख्खं बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत आणलं, पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये. त्यांचे आईवडील दुष्काळात गेलेले, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी त्या काम करत राहिल्या आणि १९२२च्या एप्रिलमध्ये स्वतः गेल्या. आम्ही घेतलेलं भाषांतर त्यांचं नाही, चर्चमध्ये वाचतात तेच नेहमीचं आहे, पण आईला रमाबाईंची ही गोष्ट माहीत होती आणि पान उलटत नसलं की ती म्हणायची, रमाबाईंनी एवढं सगळं लिहून काढलं, मला एक पान उलटता येऊ नये का.

ऑडिओचं विचाराल तर फोनवर बायबलची फुकट अॅप्स आहेत, मराठी वाचन ऐकता येतं, स्पीड कमी करता येतो. मधल्या रात्री आम्ही तेही लावायचो. शेवटच्या तीन आठवड्यांत तर तेच, कारण डोळे उघडे राहत नव्हते. पण जोपर्यंत डोळे चालतायत तोपर्यंत छापील पुस्तक द्या, ऑडिओ पुढे निघून जातो, पुस्तक थांबतं.

आई डिसेंबरमध्ये गेली. कबरस्तानात पोचेपर्यंत अंधार पडायला लागला होता, पाळकसाहेबांना त्यांचं छोटं बायबल दिसेना, कुणीतरी मोबाइलचा टॉर्च धरला तोही हलत होता. मी पिशवीतून आईचं काढून दिलं. त्यांनी थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, चौथा अध्याय वाचला, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका ते, एकही शब्द न अडखळता. ओली माती त्या पानाला लागली, मी ती पुसलेली नाही.

बाइंडिंग अजून घट्ट आहे, फक्त रोमकरांस पत्राजवळ शिलाई थोडी सैल झालीय. लाल रिबन एकच येते, दोन हव्या होत्या, आम्ही दुसरी शिवून घेतली. कव्हर रेग्झिनचं आहे, तेलकट हातानं डाग पडतो. गेल्या महिन्यात आमच्या चर्चच्या पहिल्या बाकावर बसणाऱ्या आजींसाठी मी दुसरी प्रत घेतली, त्याच दुकानातून, पुस्तकांची यादी आणि शेवटची पानं नीट तपासून. पोळपाट त्यांच्याकडे आहे, स्टँड मी देणार आहे, काकूंना विचारून.