द्राक्षबागेत एटीव्ही, एका हंगामानंतर: मागच्या अ‍ॅक्सलबद्दल जरा जास्तच

खरड छाटणीच्या (एप्रिलच्या छाटणीच्या) सुमारास घेतलेली सेकंडहँड एटीव्ही (मोटरसायकलसारखं हँडल असलेली, जाड टायरची चारचाकी) माल उतरेपर्यंत बागेत वापरून झाली. दोनशे सीसीच्या आसपासचं इंजिन, चेन ड्राइव्ह आणि मागे दोन्ही चाकांना जोडणारा एकच सलग दांडा, म्हणजे अ‍ॅक्सल, अशी साधी गाडी आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेलं या बांधणीच्या बहुतेक गाड्यांना लागू पडतं.

चांगलं आधी. इंजिनाची तक्रार नाही, पुढचं सस्पेन्शन ठीक. सीट कडक आहे, पण बागेत तासन्‌तास बसून कोण राहतं? नाशिकजवळच्या गिरणाऱ्याकडच्या आमच्या काळ्या जमिनीत वाफसा यायच्या आधी ट्रॅक्टर घातला की चाकोऱ्या पडतात आणि जमीन दाबली जाते. तिथे ही हलकी गाडी क्रेट, ठिबकच्या नळ्या, खताची गोणी घेऊन ओळीतून सहज निघते. रस्त्यावरचं पासिंग नाही, त्यामुळे शेताबाहेरचा विचार सोडा.

आता मागचा अ‍ॅक्सल. पावसाळ्यात पहिली खूण आवाजाची नव्हतीच, ब्रेकची होती. मागचा ब्रेक पहिल्यांदा दाबला की खोल जायचा, लगेच दुसऱ्यांदा दाबला की बरोबर लागायचा. ब्रेकच्या तेलात हवा धरली असेल म्हणून ती काढून टाकली (ब्लीड केलं), फरक शून्य. डिस्क अ‍ॅक्सलवरच बसलेली असते. अ‍ॅक्सल डुलला की डिस्क पॅडना मागे ढकलते आणि पुढच्या वेळी ती फट भरण्यातच ब्रेकचा पहिला दाब खर्च होतो. घरघर त्यानंतर सुरू झाली.

मेकॅनिकने चाक हलवून पाहिलं आणि सांगितलं, ‘बेअरिंग गेलं, बदलून टाका.’ बेअरिंग गेलं होतं हे खरं. पण चाक हलतं म्हणजे बेअरिंगच गेलं, असं धरून चालता येत नाही. प्ले, म्हणजे ढिलेपणा, तीन ठिकाणी असू शकतो: हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) स्प्लाइनमध्ये, म्हणजे दात्यांमध्ये, अ‍ॅक्सलच्या नटात किंवा बेअरिंगमध्ये. तो कुठे आहे हे ठरल्याशिवाय पार्ट घेऊ नका.

त्यासाठी मागचा भाग जॅकवर घेऊन खाली पक्के ठोकळे लावा, दोन्ही चाकं अधांतरी, गाडी न्यूट्रलला. एकाने चाक वरून-खालून धरून हलवायचं, दुसऱ्याने अ‍ॅक्सल हाउसिंगमध्ये (बेअरिंग ज्यात बसतं त्या खोळीत) शिरतो तिथे बोट लावायचं. चाक हललं आणि अ‍ॅक्सल स्थिर राहिला, तर हबचा मधला नट ढिला आहे किंवा स्प्लाइन झिजलीय. अ‍ॅक्सलच हाउसिंगच्या तोंडाशी वर-खाली झाला तर बेअरिंग. चाक आत-बाहेर सरकत असेल तर आधी अ‍ॅक्सलवरचे नट तपासा. बऱ्याच गाड्यांत एकमेकांवर आवळलेले दोन लॉकनट असतात आणि ते सुटले की चांगल्या बेअरिंगलाही प्ले दिसतो. एक गोष्ट मात्र चकवते. अ‍ॅक्सल सलग असल्यामुळे डावं चाक वर उचललं की उजवं खाली जातं. त्यामुळे नुसत्या चाकाकडे बघून कोणत्या बाजूचं बेअरिंग गेलंय हे कळत नाही. आमच्याकडे डावीकडे हबची स्प्लाइन थोडी झिजली होती आणि उजवं बेअरिंग पूर्ण संपलं होतं.

आवाज ऐकायचा तर चेन उतरवून ऐका. चेनच्या खडखडाटात आणि ब्रेकच्या घासण्यात बाकी काही ऐकू येत नाही. स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाउसिंगला टेकवा, मूठ कानाला लावा आणि चाक हाताने फिरवा. खरखर लगेच कळते.

वाकलेल्या अ‍ॅक्सलची खूण वेगळी. चेन फिरवताना एका जागी टाइट, एका जागी ढिली होते. ती टाइट जागा चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला आली तर अ‍ॅक्सल किंवा मागचं स्प्रॉकेट. चेनचा पूर्ण फेरा झाल्यावरच आली तर चेन असमान ताणलीय. अ‍ॅक्सल वाकलाय की रिम, हे बघायला डायल गेज (बारीक डोलणं मोजणारं घड्याळी मापक) थेट अ‍ॅक्सलवर लावा, रिमवर नको.

उघडल्यावर बेअरिंगभोवती तांबूस भुकटी निघाली. म्हणजे बाहेरची रिंग हाउसिंगमध्येच फिरत होती आणि अ‍ॅल्युमिनियम खात होती. नवं बेअरिंग हाताने अलगद आत बसत असेल तर खूश होऊ नका, ते टिकणार नाही. आम्ही हाउसिंग सातपूरला लेथवर नेऊन बोअर करून घेतलं आणि आत स्लीव्ह, म्हणजे धातूची कडी, बसवली. खर्च तिथेच झाला. बेअरिंगचं काय, वर नंबर कोरलेला असतो, तो दाखवा आणि घ्या. ६२०६ म्हणजे आतून ३०, बाहेरून ६२ आणि रुंदी १६ मिलिमीटर, मग खोका कुठल्याही गाडीचा असो. फक्त दोन्ही बाजूंना रबर सील असलेलं, म्हणजे ‘२आरएस’ घ्या. ‘झेडझेड’वर पत्र्याची झाकणं असतात, ती धूळ अडवतात, पाणी नाही. बाहेरची ऑइल सील त्याच वेळी बदला. बसवताना बाहेरच्या रिंगवर दाब द्या. आतल्या रिंगवर ठोकलं तर गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून बोलायला लागतं. दोन बेअरिंगमधली नळी हरवली असेल तर तिच्याशिवाय जोडू देऊ नका. नट आवळला की सगळा दाब बेअरिंगवर आडवा येतो.

इतकं लवकर का गेलं? माझा संशय पाण्यावर. फवारणी झाली की त्याच एचटीपी (जास्त दाबाच्या फवारणी) पंपाच्या गनने गाडी धुवायची, ही आपल्या भागातली रीत. त्या दाबाचं पाणी थेट सीलवर मारलं की चिखलासकट आत जातं. आता मागचा भाग साध्या नळीने धुतो. ऑक्टोबर छाटणीपासून आवाज नाही, ब्रेक पहिल्या दाबात लागतो.

आधीच्या मालकाने मागे रुंद स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) लावले होते, ते काढून टाकले. गाडी रुबाबदार दिसते खरी, पण चाक जितकं बाहेर तितका बेअरिंगवर ताण जास्त.

सेकंडहँड घ्यायची असेल तर घ्या, बागेत उपयोगी आहे. सौदा ठरवण्याआधी मागचा भाग जॅकवर घ्यायला लावा. मालक ‘बेअरिंगच तर आहे, काही शे रुपयांचं काम’ म्हणाला, तर किंमत हाउसिंग आणि अ‍ॅक्सल धरून पाडून मागा.