गोल्डफिशसोबत ‘क्लीनर’ म्हणून मिळालेला सकर: एका दुकानाच्या सेवेचा आठ महिन्यांचा अनुभव

पुण्यात आमच्या घराजवळ शोभिवंत माशांचे एक जुने दुकान आहे. गेल्या जूनमध्ये तेथून आम्ही दोन फुटी टँक, त्याचे सर्व साहित्य, मासे आणि दरमहा घरी येऊन देखभाल करण्याची सेवा असे एकत्रित पॅकेज घेतले. मजकुरात तक्रारीचा भाग बराच असल्यामुळे दुकानाचे नाव लिहीत नाही. पण चार गोल्डफिशवर एक सकर (तोंडाने काचेला चिकटणारा मासा) हे समीकरण जवळजवळ प्रत्येक दुकानात ऐकायला मिळते, त्यामुळे नाव नसले तरी वाचणाऱ्याचे काही अडणार नाही.

आधी जे चांगले आहे ते सांगते. टँक २४ × १२ × १५ इंचांचा असून त्यात सुमारे साठ लिटर पाणी मावते; सिलिकॉनचे सांधे स्वच्छ आणि सरळ आहेत, आणि माल घरी पाठवण्यापूर्वी दुकानदारांनी तो एक दिवस पाण्याने भरून गळती तपासली होती. बसवायला आलेल्या मुलाने स्टँड पाणसळीने तपासला, टँकखाली थर्माकोलची शीट घातली आणि फिल्टरच्या वायरीला बोर्डाच्या खाली येईल असा झोल दिला, जेणेकरून वायरीवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये जाऊ नये. एवढी काळजी घेणारे लोक मला अन्य व्यवसायांतही फारसे भेटलेले नाहीत. आठ महिन्यांत टँकमधून पाण्याचा एक थेंबही गळला नाही.

माशांच्या बाबतीत मात्र ही काळजी कुठे गेली, हे मला समजले नाही. टँक भरला त्याच संध्याकाळी नळाच्या पाण्यात अँटिक्लोरिनचे थेंब टाकून त्यात चार ओरंडा (गोल शरीराचे गोल्डफिश) आणि बोटभर लांबीचा एक सकर सोडण्यात आला. माशांच्या कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू नव्या फिल्टरमध्ये पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. हे मला नवव्या दिवशी एक ओरंडा मेल्यानंतर वाचून कळले. दुकानदारांनी दुसरा मासा विनामूल्य दिला, तोही हसतमुखाने. परंतु पाणी तपासण्याचा विषय त्यांनी तेव्हाही काढला नाही.

सकर देताना ते म्हणाले होते, “ताई, हा क्लीनर आहे. हा असला की काच पुसायला नको, आणि याला वेगळं खायलाही घालावं लागत नाही.” या दोन वाक्यांतच सगळा घोटाळा आहे. आपल्याकडे सकर म्हणून विकला जाणारा मासा बहुधा टेरिगोप्लिक्थिस या दक्षिण अमेरिकी गटातला असतो. लहानपणी तो काचेवरचे शेवाळ खरवडतो, हे खरे. पण वाढत्या वयात त्याची शेवाळाची आवड कमी होत जाते आणि भूक मात्र वाढते. तो निशाचर असल्याने दिवे मालवल्यावर तळाशी बुडणाऱ्या गोळ्या, काकडीची किंवा दुधीची चकती असे त्याचे स्वतंत्र जेवण लागते. शिवाय तो स्वतः इतकी विष्ठा टाकतो की पांढऱ्या खडीवर तिचे लांबच लांब दोरे रोज सकाळी दिसतात. शेवाळ मुळात भरपूर प्रकाश आणि पाण्यात साठणारे नायट्रेट यांमुळे वाढते, आणि आमचा क्लीनर त्या नायट्रेटमध्ये रोज भरच घालत होता.

दुसरी अडचण तापमानाची. गोल्डफिश हा गारव्याचा मासा. ओरंडासारखे गोलमटोल प्रकार १८ ते २३ अंशांच्या दरम्यान सुखात राहतात. सकरला २४ ते २८ अंश मानवतात. डिसेंबरच्या अखेरीस आमच्या हॉलमधल्या टँकचे पाणी सकाळी २० अंशांवर उतरत असे, तेव्हा ओरंडा मजेत फिरत आणि सकर फिल्टरमागे दगडासारखा पडून राही. दुकानात फोन केला तर हीटर लावा म्हणाले. तो लावल्यावर सकर हालचाल करू लागला, पण गोल्डफिश वर येऊन पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करू लागले. पाणी जितके गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी आणि अमोनिया अधिक घातक. सकरला पोटातल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून हवेतला प्राणवायू घेता येतो, म्हणून तो मधूनच गोळीसारखा वर जाऊन घोट घेई आणि तळाशी परते. आम्हाला ते खेळणे वाटत होते.

जानेवारीतल्या एका रात्री पाणी प्यायला उठले असता हॉलमधून बारीक खळखळ ऐकू आली. मोबाइलचा उजेड टाकला, तर एव्हाना वीतभर होत आलेला सकर सर्वांत जाड ओरंडाच्या डाव्या कुशीला चिकटलेला होता आणि तो बिचारा त्याला घेऊन कोपऱ्यात अंग घुसळत होता. काचेवर टकटक केल्यावर सकर सुटला. सकाळी त्या जागी रुपयाच्या नाण्याएवढा फिकट डाग होता. भोवतीचे खवले उभे राहिले होते आणि कडेला रक्ताची पुसट रेघ होती. गोल्डफिशच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे संरक्षण असते, आणि उपाशी सकरच्या लेखी तो आयता खाऊ असतो. संथ, रुंद अंगाच्या आणि रात्री एका जागी तरंगत झोपणाऱ्या ओरंडाहून सोयीचा मासा त्याला कुठे मिळणार?

उपचारातही ही जोडी आडवी आली. जखमी गोल्डफिशला लिटरमागे दोन-तीन ग्रॅम साधे, आयोडीनविरहित मीठ चालते आणि त्याने बुरशीला आळा बसतो. सकरला मात्र मीठ सोसत नाही असे म्हणतात, म्हणून ते टँकमध्ये घातले नाही. अखेर ओरंडाला एअरपंपसह वेगळ्या बादलीत ठेवले आणि बारा दिवसांनी टँकमध्ये परत आणले. कल्ल्याजवळचा एक खवला अजूनही वाकडा आहे.

आता देखभालीच्या सेवेबद्दल. महिन्याला ४०० रुपये. येणारा मुलगा वेळेचा पक्का आणि बोलायला गोड आहे, पण त्याची पद्धत अशी की मासे बादलीत काढायचे, सगळे पाणी फेकायचे, खडी धुवायची आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा करायचा. म्हणजे महिनाभरात जमलेले उपयुक्त जिवाणू क्लोरिनच्या पाण्याने धुऊन टाकायचे आणि टँक पुन्हा पहिल्या दिवसावर आणायचा. प्रत्येक सफाईनंतर दोन दिवस पाणी गढूळ आणि मासे मलूल का असतात, याचे उत्तर यातच होते. सगळे पाणी न फेकता चौथा हिस्साच बदला आणि स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच खळबळा, असे मी त्याला सांगितले. त्याने मान्य केले, परंतु पुढच्या खेपेस सवयीने पुन्हा नळ सोडला. तेव्हापासून सेवा बंद करून दर आठवड्याला हे काम मी स्वतः करते. त्याला वीस मिनिटे लागतात.

सकर परत घेण्याच्या बाबतीत दुकानदारांना पूर्ण गुण द्यायला हवेत. त्यांनी कुरकुर न करता तो घेतला आणि त्याच्या किमतीचे खाद्य दिले. हा मुद्दा किरकोळ नाही, कारण हा मासा दीड फुटांपर्यंत वाढतो आणि नको झाला की लोक त्याला नदीत किंवा तळ्यात सोडून मोकळे होतात. गंगेत तो सापडला आहे. आंध्र प्रदेशात मच्छीमार त्याला डेव्हिल फिश म्हणतात, कारण तो काट्यांनी जाळी फाडतो आणि बिळे करून काठ पोखरतो. मात्र मी परत केलेला सकर ज्या टँकमध्ये गेला, त्यावर पुन्हा ‘क्लीनर’ हीच चिठ्ठी होती.

गोल्डफिशला सोबत हवी असेल तर तशाच गोल शरीराचा दुसरा गोल्डफिश पुरतो, आणि साठ लिटरमध्ये चार ओरंडा मुळातच दाटीवाटीचे आहेत. मी त्यांतले दोन एका परिचितांच्या मोठ्या टँकमध्ये दिले. काच मी चुंबकाच्या स्क्रबरने आठवड्यातून एकदा पुसते. तो याच दुकानात १५० रुपयांना मिळाला आणि उत्तम आहे.

टँक, स्टँड आणि जोडणी यांसाठी पाचपैकी साडेचार, माशांविषयीच्या सल्ल्यासाठी एक, मासिक सेवेसाठी दीड. पॅकेज घ्यायचे असेल तर टँक आणि फिल्टर आधी घरी मागवा, मासे महिन्याभराने न्या, आणि बिलावर ‘सकर – १’ अशी ओळ आधीच छापलेली असेल तर पैसे देण्यापूर्वी ती खोडून घ्या. माझ्या बिलावर ती न विचारताच आली होती.