अमेरिकन सिनेमा की आर्टहाउस? निवडण्याआधी या जोड्या पाहा

हॉलिवूडचे सिनेमे आवडीने बघणाऱ्या माणसाला कधी ना कधी कुणीतरी आर्टहाउसच्या, म्हणजे कलात्मक मानल्या जाणाऱ्या सिनेमांच्या, जगातल्या ओझू, फासबिंडर, आंतोनिओनी या दिग्दर्शकांची नावं ऐकवतं. मग प्रश्न पडतो, आता तिकडे वळावं का, आणि वळायचं तर आपलं आवडतं सोडावं लागेल का? याच्या उलट माणसंही आहेत. ती फिल्म सोसायटीत वाढलेली असतात आणि अमेरिकन म्हटलं की नाक मुरडतात. मी दोन्हीकडचे सिनेमे जीव लावून बघत आलो आहे. माझं मत आधीच सांगतो. ज्याला निवड करायची आहे त्याने 'जगातले शंभर श्रेष्ठ सिनेमे' असल्या याद्या घेऊन बसू नये. एकाच गोष्टीवर दोन्हीकडे झालेले सिनेमे लागोपाठ बघावेत. असे सिनेमे आहेत, कारण ही दोन घराणी एकमेकांचं गाणं सतत ऐकत आली आहेत.

पहिली जोडी म्हाताऱ्या आईवडिलांची. लिओ मॅकॅरीचा 'मेक वे फॉर टुमारो' (१९३७) आणि यासुजिरो ओझूचा 'टोकियो स्टोरी' (१९५३). ओझूचा पटकथाकार कोगो नोदा याने मॅकॅरीचा सिनेमा पाहिलेला होता आणि 'टोकियो स्टोरी'चं बीज तिथलं आहे. म्हणजे जगभर ज्याला आर्टहाउसचं शिखर मानतात, त्याचं मूळ हॉलिवूडच्या एका स्टुडिओत सापडतं.

मॅकॅरीच्या सिनेमात बँक घर ताब्यात घेते. दोघांना एकत्र ठेवायला कुठलंही मूल तयार नसतं, म्हणून आई एकाकडे आणि वडील दुसऱ्याकडे अशी वाटणी होते. (आपल्याकडे राजा परांजप्यांच्या 'ऊन पाऊस'मध्ये, १९५४ साली, हेच दुखणं आलं आहे. तो पाहिलेल्यांना ही जोडी लगेच आपली वाटेल.) सून घरात ब्रिजचे क्लास घेते. एका संध्याकाळी मंडळी जमलेली आहेत आणि सासूबाई त्यांच्यातच आपली झुलती खुर्ची मांडून बसतात. खुर्ची कुरकुरते, पाहुण्यांचं लक्ष उडतं, सुनेला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आपल्यालाही त्या सासूबाईंचा थोडा राग येतो. तेवढ्यात नवऱ्याचा फोन येतो. फोनवर मोठ्यानेच बोलायचं असतं असं समजणाऱ्या पिढीतली ती, त्यामुळे सगळं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं. पत्ते खेळणारे आधी गालात हसतात आणि मग एकेक जण गप्प होतो. कॅमेरा तिच्याकडून त्यांच्याकडे आणि त्यांच्याकडून पुन्हा तिच्याकडे जातो. खोलीभर शरम पसरते आणि ती आपल्यापर्यंत पोचते. अमेरिकन सिनेमाचं बळ मला इथे दिसतं. तो बोट धरून नेतो. कुणाकडे बघायचं आणि कधी बघायचं, हे इतक्या अचूकपणे ठरवलेलं असतं की आपल्याला नेलं जातंय हे कळतही नाही.

ओझू बोट धरत नाही. म्हातारा-म्हातारी ओनोमिचीहून मुलांना भेटायला टोकियोला येतात. मुलं वाईट नाहीत, फक्त कामात आहेत. एक डॉक्टर, एकीचं ब्यूटी पार्लर. आईवडिलांना गुंतवून ठेवायचं म्हणून त्यांना अतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी पाठवतात. रात्रभर शेजारच्या खोल्यांतला गोंगाट, झोप नाही. सकाळी दोघं समुद्राकाठच्या बांधावर बसलेली असतात. उठताना म्हातारीला जरा घेरी येते, ती क्षणभर खाली वाकते आणि सावरते. क्लोजअप नाही, संगीताचा इशारा नाही. पहिल्या वेळी अनेकांच्या नजरेतून हे निसटतं. पुढे आईच्या अंत्यविधीनंतर सगळे जेवायला बसलेले असताना मुलगी शिगे आईचा एक किमोनो स्वतःसाठी मागून घेते. कुणी चमकून बघत नाही. कॅमेरा जमिनीलगत, होता तिथेच. तिच्या मागणीला आणि समोरच्या जेवणाला सारखीच चौकट.

मॅकॅरी पाहताना मी पहिल्यापासून शेवटपर्यंत त्या दोन म्हाताऱ्यांच्या बाजूने असतो. ओझू पाहताना मला अधूनमधून मुलांच्या रांगेत जाऊन बसावं लागतं. शिगेसारखं मीही घरी वागलेलो आहे, तुम्हीही वागला असाल. धाकटी बहीण चिडून म्हणते, आयुष्य निराशच करतं ना, आणि विधवा सून नोरिको हसून 'हो' म्हणते. नोरिको झालेल्या सेत्सुको हाराचं ते हसू कुठल्याच बाजूचं नाही. माझ्यासाठी ओझू इथे काकणभर वर जातो. पण पहिल्यांदाच बघणाऱ्याला मी मॅकॅरी आधी बघायला सांगेन, कारण तो पाहिला की ओझूने काय काय गाळलं ते दिसू लागतं. गंमत म्हणजे 'मेक वे फॉर टुमारो'मधली ब्यूला बाँडी आणि 'टोकियो स्टोरी'मधला चिशू र्‍यू, दोघांनीही सत्तरीतली माणसं उभी केली तेव्हा स्वतःची पन्नाशीही गाठली नव्हती.

कलाकाराचं स्वातंत्र्य फक्त आर्टहाउसमध्येच असतं असं मानणाऱ्यांनी मॅकॅरीची पुढची हकीगत लक्षात घ्यावी. पॅरामाउंटला शेवट गोड हवा होता. मॅकॅरीने तो बदलला नाही. सिनेमा पडला आणि त्याला स्टुडिओ सोडावा लागला. त्याच वर्षी त्याने दुसऱ्या कंपनीसाठी केलेल्या 'द ऑफुल ट्रुथ' या विनोदी सिनेमाला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं, तेव्हा ते चुकीच्या सिनेमाला दिलंत असं त्याने बोलून दाखवलं. आणि ओझू जवळजवळ आयुष्यभर शोचिकू या धंदेवाईक स्टुडिओत काम करत होता. 'टोकियो स्टोरी' जपानी घरातल्या साध्या प्रेक्षकासाठी काढलेला सिनेमा आहे, महोत्सवासाठी नव्हे. आर्टहाउसचा शिक्का पाश्चात्त्यांनी मागाहून मारला.

दुसरी जोडी मला सगळ्यात प्रिय आहे. डग्लस सर्कचा 'ऑल दॅट हेवन अलाउज' (१९५५) आणि राइनर वेर्नर फासबिंडरचा 'अली: फिअर ईट्स द सोल' (१९७४). सर्क मूळचा जर्मन. पत्नी ज्यू असल्याने नाझी राजवटीत राहणं अशक्य झालं आणि तो १९३७ मध्ये देशाबाहेर पडला. पुढे युनिव्हर्सल स्टुडिओत त्याने बायकांच्या रडक्या सिनेमांचा दिग्दर्शक असा लौकिक मिळवला, आणि त्याच सिनेमांच्या प्रेमात एक तरुण जर्मन दिग्दर्शक पडला.

सर्कची नायिका मध्यमवयीन, सुखवस्तू विधवा आहे आणि तिचं प्रेम बसतं बागेची निगा राखणाऱ्या, वयाने लहान पुरुषावर. गावात कुजबुज सुरू होते, मोठी झालेली मुलं तमाशा करतात, ती माघार घेते. मग नाताळात तीच मुलं तिला टीव्हीचा सेट भेट देतात. विक्रेता सांगत असतो की बटण फिरवलं की साऱ्या जगाची सोबत घरात. कॅमेरा हळूहळू त्या बंद पडद्याजवळ जातो आणि काचेत तिचं एकटीचं प्रतिबिंब उरतं. त्या वेळी टीव्ही हा थिएटरांचा शत्रू होता हे माहीत असेल तर या दृश्याची धार आणखी जाणवते. पण माहीत नसलं तरी काही बिघडत नाही, पोटात खड्डा पडतोच.

फासबिंडरने ही विधवा म्युनिकमध्ये आणली. एमी साठीची सफाई कामगार, आणि अली तिच्याहून बराच तरुण मोरक्कन मजूर. दोघं लग्न करतात. ती मुलांना एका रांगेत बसवून बातमी सांगते, कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सावकाश सरकतो, आणि मग एक मुलगा उठून टीव्हीला लाथ घालतो. काच फुटते. सर्कच्या घरात टीव्ही भेट म्हणून येतो, इथे तो फुटतो, आणि मुलांना आईच्या सुखाशी देणंघेणं नाही हे दोन्हीकडे तेवढंच खरं. सर्क शरद ऋतूतले रंग, मोठाल्या खिडक्या, बर्फ आणि व्हायोलिन यांनी आपल्याला भुलवत दुःखापर्यंत नेतो. फासबिंडर माणसांना दरवाजांच्या चौकटीतून, दुरून दाखवतो. आजूबाजूचे लोक पुतळ्यासारखे टक लावून उभे. हा सिनेमा साधारण दोन आठवड्यांत, थोडक्या पैशांत झाला, तरी त्यात घाई कुठे दिसत नाही.

इथे मी निवाडा देत नाही, कारण मला तो करता येत नाही. सर्क नसता तर फासबिंडरचा हा सिनेमा झाला नसता. आणि फासबिंडर पाहिल्यावर सर्क पुन्हा लावलात तर, पूर्वी जे नुसतं सुंदर वाटलं होतं त्यातला संताप दिसू लागतो. चक्र तिथे थांबलं नाही. टॉड हेन्सने 'फार फ्रॉम हेवन' (२००२) काढून ही गोष्ट पुन्हा अमेरिकेत नेली.

तिसऱ्या जोडीत मात्र माझं माप अमेरिकेच्या पदरात. आंतोनिओनीच्या 'ब्लो-अप'मध्ये (१९६६) लंडनचा एक फोटोग्राफर बागेत काढलेले फोटो मोठे मोठे करत जातो आणि कणांच्या गर्दीत त्याला खून दिसल्यासारखं वाटतं. कोपोलाच्या 'द कॉन्व्हर्सेशन'मध्ये (१९७४) चोरून संभाषणं ध्वनिमुद्रित करणारा हॅरी कॉल, सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये टिपलेली एक टेप पुन्हा पुन्हा ऐकतो. कोपोलाने आंतोनिओनीचं ऋण मान्य केलेलं आहे आणि दोन्ही सिनेमांना फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. 'ब्लो-अप' बुद्धीला चाळवतो, पण त्या फोटोग्राफरचं पुढे काय झालं याची मला फिकीर वाटत नाही. हॅरीची वाटते. एकच वाक्य तो सिनेमाभर ऐकतो आणि अखेरीस त्यातल्या वेगळ्या शब्दावर जोर ऐकू येतो, तेव्हा जमीन सरकते. वॉल्टर मर्चचं ध्वनीचं काम ऐकण्यासाठी हेडफोन लावाच. सत्य हाती लागत नाही, हे दोन्ही सिनेमे सांगतात. कोपोला त्याची किंमत एका माणसाकडून वसूल करून दाखवतो.

आता दोन्हीकडच्या उणिवा. आजचे मोठे अमेरिकन सिनेमे मला थकवतात. प्रत्येक वेळी अख्खं जग धोक्यात, दर दोन सेकंदांनी कट, आणि शेवटी पुढच्या भागाची जाहिरात. पडद्यावर कुणी मेलं तरी आपल्याला काही वाटायला उसंत नसते. पण महोत्सवांतल्या बऱ्याच आर्टहाउस सिनेमांचाही आता ठरलेला साचा झाला आहे. पाठमोरं चालणारं पात्र, लांबलचक शांतता, अर्ध्यात सोडलेला शेवट. ओझूची शांतता त्याच्या माणसांची असते. या सिनेमांतली बऱ्याचदा दिग्दर्शकाची असते, आणि ती ओळखायला शिकणं हा रसिक होण्याचाच भाग आहे. संथ सिनेमा आवडला नाही म्हणून स्वतःला कमी लेखू नका.

मग कुणी काय निवडावं? दिवसभराच्या कामाने डोकं जड झालं असेल तर जुना अमेरिकन सिनेमा लावा. 'मेक वे फॉर टुमारो' दीड तासाचा आहे, आणि तो आईवडिलांबरोबर बसून बघता येतो, जरी शेवटी सगळेच गप्प होणार असले. 'टोकियो स्टोरी' दोन तास सोळा मिनिटांचा आहे. त्याला सुट्टीची सकाळ आणि मोठा पडदा द्या; मोबाइलवर त्याच्या चौकटीतल्या मागच्या खोल्या दिसतच नाहीत. फासबिंडर घरच्या लहानांसमोर लावू नका, त्यात नग्नता आहे. सबटायटल्सचा बाऊ करू नये, पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत डोळे सरावतात. उलट तीस-चाळीसच्या दशकांतल्या अमेरिकन सिनेमांतलं भरधाव इंग्रजी कळायला सबटायटल्स जास्त लागतात.

तुम्हाला स्कॉर्सेसीचा 'टॅक्सी ड्रायव्हर' (१९७६) आवडत असेल, तर तुम्ही निम्मे आर्टहाउसमध्ये आलेलेच आहात. त्याचा पटकथाकार पॉल श्रेडर याने आधी, १९७२ मध्ये, ओझू, फ्रेंच दिग्दर्शक ब्रेसाँ आणि डॅनिश दिग्दर्शक ड्रायर यांच्या शैलीवर पुस्तक लिहिलं होतं. तुम्ही तिथून ब्रेसाँच्या 'पिकपॉकेट'कडे (१९५९) जा. तो छोटा आहे आणि त्यात चोरीची हातचलाखी आहे, त्यामुळे जड जात नाही. आणि उलट बाजूने येणाऱ्याने, ज्याला हॉलिवूड उथळ वाटतं त्याने, सर्कपासून सुरुवात करावी.

मुंबईत राहत असाल तर १९६८ पासून चालू असलेली प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी, पुण्यात असाल तर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि दरवर्षीचा पिफ हा चित्रपट महोत्सव, आणि सवड काढता आली तर गोव्याचा इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, इतकं आपल्या आवाक्यात आहे. महोत्सवात दिवसाला पाच सिनेमे बघायची ईर्षा मात्र धरू नका. तिसऱ्यानंतर सगळे एकमेकांत मिसळतात आणि ओझूसारख्याचं तर नुकसानच होतं. घरीच सुरुवात करायची असेल तर शनिवारी रात्री मॅकॅरी, रविवारी सकाळी ओझू, आणि मधल्या वेळात दुसरं काहीही लावू नका.