एसपीडी पेडल पास, पण तो बुटाखालचा बोल्ट नापास

पेडल कसं बसवायचं, डाव्याचे आटे उलटे असतात वगैरे तुम्हाला माहितीच आहे, सो डायरेक्ट मुद्द्यावर येतो. एका बाजूला एसपीडी (बुटाच्या तळाला बोल्टने लावलेली क्लीट, म्हणजे धातूची पट्टी, ज्यात टक करून अडकते ते) आणि दुसऱ्या बाजूला साधं सपाट, असली पेडल्स मे महिन्यात हायब्रिड सायकलला लावली. रोज ऑफिस, रविवारी पुण्याजवळचा बोपदेव घाट नाहीतर सिंहगड. आधी पट्टेवाले टो क्लिप (पेडलवर पाय पट्ट्याने आवळून धरणारे) होते, घट्ट आवळले तर सिग्नलला वाकून सोडवत बसा आणि ढिले ठेवले तर असून नसल्यासारखे, आणि रिकामं पेडल उलटं फिरून क्लिप रस्त्याला घासायची ते वेगळंच.

एसपीडीचा पहिला महिना एकदम झकास. पाय वर ओढून एक्स्ट्रा ताकद मिळते असं सगळे सांगतात, मला तरी तसलं काही जाणवलं नाही. खरा फायदा म्हणजे भर पावसात चढावर उभं राहून मारताना किंवा खड्ड्यात आदळल्यावर पाय घसरत नाही, चवडा जिथे ठेवला तिथेच राहतो. टेन्शनचा स्क्रू (पेडलची पकड कमीजास्त करणारा) अगदी कमीवर ठेवला की टाच बाहेर फिरवली, टक, मोकळा. इथपर्यंत मी भेटेल त्याला घ्या म्हणून सांगत होतो.

मग ऑगस्टात बोपदेव उतरून कोंढव्याच्या सिग्नलला आलो, टाच फिरवली तर बूट नुसता फिरतोय, सुटत काहीच नाही. परत फिरवली, तेच. शेवटी डिव्हायडरला हात टेकवून वेल्क्रो उघडला आणि पायच बाहेर काढला, बूट पेडलला लटकलेला आणि मी एका ओल्या मोज्यावर डांबरावर उभा, मागचे रिक्षावाले हॉर्न देतायत. झालं असं की क्लीटच्या दोन बोल्टपैकी एक कुठेतरी पडला होता. एकच बोल्ट उरला की बूट त्याच्याभोवती गोल फिरतो आणि क्लीट पेडलमध्ये तशीच धरून बसते. म्हणजे पाय सोडवणारी वस्तू पेडल नाहीच, तो फुटकळ एम ५ चा (५ एमएम जाडीचा) बोल्ट आहे!

ज्या दुकानात क्लीट बसवून घेतल्या (बसवायचे वेगळे पैसे देऊन) तिथे गेलो तर म्हणे, "सर, बोल्ट अधूनमधून चेक करायचे असतात." अहो पण बसवताना आट्याला ग्रीसचं बोट तरी लावायचं ना, आणि ५-६ न्यूटन मीटरला आवळायचे असतात हे काय मी तुम्हाला सांगायचं? तासभर वाद घालून हातात काय आलं, तर "नवीन जोडी घ्या." दुसरा बोल्ट काढायला गेले तर त्याच्या खाचेत चिखल आणि खडी सिमेंटसारखी बसलेली, ॲलन की (षटकोनी पाना) गरगर फिरली, खाच गोल झाली. म्हणे आता बूटच गेला समजा. शेवटी आमच्या गल्लीतल्या स्कूटर गॅरेजवाल्या काकांनी टॉर्क्सचा (चांदणीसारख्या टोकाचा) टी २५ बिट त्या खाचेत हातोडीने ठोकला आणि फिरवून काढला, पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

तेव्हा रागात परत पट्टेवाले लावणार होतो, बॉक्स काढूनपण ठेवला होता. पण ऑफिसला चार दिवस क्लीट न अडकवता गेलो आणि पाय सारखा पुढेमागे सरकायला लागला, नाही जमलं. मग पेडलसोबत आलेल्या एसएच ५१ मॉडेलच्या क्लीटऐवजी एसएच ५६ घेतल्या, ह्या टाच आत फिरवली किंवा जोरात वर उचलली तरी सुटतात. जोर लावून चढताना मध्येच सुटतात अशी तक्रार ऐकलेली, बोपदेवच्या चढावर मला तसं झालं नाही. पुण्याच्या ट्रॅफिकला ह्याच बऱ्या. नव्या बोल्टला ग्रीस लावलंय, आणि पाऊस संपेपर्यंत खाचेत मेणबत्तीचं मेण भरून ठेवत होतो म्हणजे खडी बसत नाही, आवळायच्या वेळी टाचणीने उकरायचं. फुकटचा उपाय आहे.

बुटाच्या क्लीटच्या फटीतून पाणी आत येतं हे पण आहेच, पण पावसात तसंही वरून येतंच, त्याचं दुःख नाही.

पुण्यात कोणाला नुसते सुटे बोल्ट मिळाले असतील तर दुकान सांगा, दोन बोल्टसाठी सगळीकडे अख्खी क्लीटची जोडी गळ्यात मारतायत. हार्डवेअरवाल्याचे एम ५ सुचवू नका, डोकं उंच असतं त्यांचं, पेडलला अडकतं.