वेदनाशामकाचा प्रकल्प: ओपिऑइड रिसेप्टर सुधारायचा की सोडियम चॅनेल अडवायचा?

औषधी रसायनशास्त्रात वेदनेवर काम करू पाहणाऱ्यांपुढे हाच पेच येतो.

सुरुवात कुठे सोपी? म्यू-ओपिऑइडमध्ये, म्हणजे मॉर्फीन ज्या रिसेप्टरवर काम करते त्यात. रेणूतला बेसिक नायट्रोजन रिसेप्टरमधल्या अ‍ॅस्पार्टेट या अमिनो आम्लाशी बंध करतो, त्यामुळे कुठे बदल करायचा ते लवकर कळते. एनएव्ही १.८ मध्ये, म्हणजे वेदनेचा संदेश वाहणाऱ्या सोडियम चॅनेलवर काम करताना, बरेच रेणू तेलकट होतात. विद्राव्यता घसरते आणि हृदयाचे ठोके नियमित ठेवणाऱ्या एचईआरजी चॅनेलला अडथळा होतो. एचईआरजीची चाचणी पहिल्याच फेरीत करा.

सुरक्षिततेत मात्र चित्र उलटते. एनएव्ही १.८ मुख्यतः परिघीय वेदना-चेतापेशींत असते, त्यामुळे श्वास मंदावण्याची आणि व्यसनाची भीती फारशी नाही. ऑलिसेरिडिन हे ओपिऑइड (मान्यता २०२०) जी-प्रोटीनकडे झुकणारे, म्हणजे रिसेप्टरचा पेशीतला एकच संदेशमार्ग जास्त चालवणारे, म्हणून गाजले, तरी श्वसन आणि व्यसनाचा ठळक इशारा त्यावर आहेच. इथे एक सापळा आहे: अशा रेणूंची सौम्यता पुष्कळदा झुकावामुळे नसते, ते अंशतः अ‍ॅगोनिस्ट असल्यामुळे, म्हणजे रिसेप्टरला पूर्ण जोराने चालवत नसल्यामुळे, असते. म्हणून कमाल परिणाम मोजल्याशिवाय झुकावाचा आकडा मानू नका.

परिणामकारकतेत ओपिऑइड पुढे. एनएव्ही १.८ अडवणाऱ्या सुझेट्रिजिनला २०२५ मध्ये मध्यम ते तीव्र, अल्पकालीन वेदनेसाठी मान्यता मिळाली. शस्त्रक्रियेनंतर ते प्लासिबोपेक्षा सरस ठरले, हायड्रोकोडोन (एक ओपिऑइड) आणि पॅरासिटामॉलच्या मिश्रणापेक्षा नाही. शिवाय मानवी चॅनेलसाठी घडवलेला रेणू उंदरात फिका पडू शकतो, म्हणून मानवी चेतापेशींवरील पॅच-क्लॅम्प (चॅनेलमधून वाहणारा विद्युतप्रवाह मोजण्याची पद्धत) आधी.

रुग्णालयात देखरेखीखाली शिरेतून द्यायचे औषध हवे असेल तर ओपिऑइड. घरी घ्यायची गोळी हवी असेल आणि पॅच-क्लॅम्पची सोय असेल, तर एनएव्ही १.८ निवडा.